कंदील का काजळतो?

तुमच्या घरी कंदिलाची काच काळी होते का? गॅसवर ठेवलेल्या पातेल्याचं बूड काळं होतं का? आमच्याकडे दोन्ही व्हायचं, म्हणून हा लेख.

श्रावणात तीन दिवस झड लागली होती. वीज गेलेली. गारठा आत येऊ नये म्हणून आजीने खिडकीला गोणपाट लावलं, दार लोटलं आणि जपून ठेवलेला कंदील काढला. आई तिथेच गॅसवर पाणी तापवत होती. काच काळवंडू लागली. आजीने वात वाढवली, तर आणखीच धूर! थोड्या वेळाने माझं डोकं ठणकायला लागलं, ताईला मळमळलं. बाबा शेतावरून आले आणि त्यांनी आधी दार सताड उघडलं. ओट्यावर बसल्यावर आम्हांला बरं वाटलं. आजी म्हणाली, "दृष्ट लागली पोरींना."

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, राकेल, मेण, गॅस ही सगळी हायड्रोकार्बनं, म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन यांची बनलेली. प्राणवायू भरपूर मिळाला की त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. थंड पातेलं गॅसवर ठेवलं की बुडाला पहिल्यांदा घाम सुटतो ना, ते हेच पाणी! प्राणवायू कमी पडला की कर्ब अर्धवट जळतो. थोडा काजळी होऊन बसतो, थोड्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. ह्या वायूला ना रंग ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. मग डोकं दुखतं, मळमळतं. फार झाला तर झोपेतला माणूस उठतच नाही. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

हवेच्या १०० भागांत प्राणवायू फक्त २१ भाग असतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. एक लिटर प्रोपेन वायू पुरता जळायला ५ लिटर प्राणवायू, म्हणजे सुमारे २४ लिटर हवा लागते. आम्ही खिडकीला गोणपाट लावून बसलो होतो!

वात वाढवली की राकेल जास्त वर येतं, हवा मात्र तेवढीच. म्हणून धूर वाढला. पण एक गंमत आहे. ज्योत पिवळी दिसते ती तापून चमकणाऱ्या कर्बाच्या कणांमुळे, आणि उजेडही त्यांचाच. निळ्या ज्योतीवर अभ्यास व्हायचा नाही! जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन यांनी १८५५ साली वापरात आणलेल्या बर्नरला खाली हवेचं भोक असतं. ते झाकलं की ज्योत पिवळी, उघडलं की निळी.

घरी येऊन मी कंदील सोडवला. काचेखालच्या जाळीत मेलेले किडे आणि धूळ गच्च बसली होती. सुईने एकेक भोक मोकळं केलं. बाबांनी सिलिंडर बंद करून शेगडीही उलटी केली. जिथून हवा आत ओढली जाते त्या नळीत कोळ्याचं जाळं! ते काढल्यावर पिवळी ज्योत निळी झाली आणि पातेली काळी व्हायची थांबली. (शेगडीचं काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.)

आजी अजून दृष्टच म्हणते. पण परवा पाऊस आला तेव्हा गोणपाटाचा वरचा कोपरा तिने आपणहून वीतभर मोकळा सोडला.

— इयत्ता ७ वी