उद्योगातील दिव्यांग : हक्क आणि जबाबदारी

दिव्यांग व्यक्तीला काम देणे म्हणजे तिच्यावर उपकार करणे, ही समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. वस्तुतः रोजगार हा तिचा हक्क आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या. देशातील अशा व्यक्तींपैकी सुमारे ३६ टक्केच काम करणाऱ्या होत्या. हे प्रमाण विचार करावयास लावणारे आहे.

१९९५ च्या कायद्याने शासकीय सेवेत ३ टक्के आरक्षण दिले होते. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय आस्थापनांत ४ टक्के जागा राखण्यात आल्या. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. मूळ काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे आणि तसे पद नसेल, तर अधिसंख्य पदावर ठेवावे, असे कायदा सांगतो.

खाजगी क्षेत्रावर आरक्षणाचे बंधन नाही. मात्र जबाबदारी आहे. कंपन्यांप्रमाणेच सहकारी संस्था, विश्वस्त संस्था व कारखानेही 'आस्थापना' या संज्ञेत येतात. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे असते. वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास दिव्यांगांसाठी योग्य पदे, निवडीची रीत, प्रशिक्षण व सोयी यांचा तपशील त्यात द्यावा लागतो. उतरता मार्ग, रुंद दरवाजा, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, ऐकू न येणाऱ्यांसाठी दिव्याचा इशारा, अशा सोयींचा खर्च बहुधा बेताचाच असतो.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. दिव्यांगांचे व्यवसाय-प्रशिक्षण त्यात बसते. परंतु आपल्याच कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजेच बाहेर देणगी देऊन स्वतःच्या कारखान्याची दारे बंद ठेवणे, याला सामाजिक जबाबदारी म्हणता येणार नाही.

या कामी गावपातळीवरील सहकार्य मोलाचे ठरेल. पंचायत सदस्यांनी पात्र व्यक्तींना प्रमाणपत्र मिळवून देण्यास साहाय्य करावे, शिक्षकांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना कौशल्य-शिक्षणाची वाट दाखवावी आणि अधिकाऱ्यांनी परिसरातील आस्थापनांकडे समान संधीच्या धोरणाची विचारणा करावी. कायद्याने दार उघडले आहे. त्यातून आत येणाऱ्यास कामाची जागा मिळते किंवा नाही, हे या सर्वांच्या दक्षतेवर अवलंबून आहे.