मंडळीच्या आया

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास उघडला की आधी पाळकांची, मिशनऱ्यांची, बिशपांची नावं भेटतात. बाप्तिस्म्याच्या वहीतही बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव असतं. पण त्या दिवसापर्यंत त्या माणसाला प्रार्थना कोणी शिकवली, घरचे बोलू लागले तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभं राहिलं, हे वहीत कुठे सापडावं? पुष्कळदा ती एखादी बायबलबाई असे, घरोघरी जाऊन बायकांना वचन वाचून दाखवणारी. पौलाने मात्र अशी ऋणं मांडून ठेवली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो फीबीची शिफारस करतो, प्रिस्काला सलाम पाठवतो आणि रूफाच्या आईला आपलीही आई म्हणतो.

आपल्याकडे अशा बायकांच्या धाग्याचं एक टोक सिंथिया फरार यांच्यापर्यंत जातं. १८२७ साली ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका मुंबईत उतरली, पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नगरची तिची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती.

पंडिता रमाबाईंपाशी मात्र थांबायलाच हवं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाईंची मुलगी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणे. नातं मायेचं होतं, पण सरळ नव्हतं. चर्च सांगेल ते मुकाट्याने मानायला रमाबाई तयार नव्हत्या. त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत त्यांनी पत्रांतून वाद घातला. जेराल्डिन दुखावल्या, कधी रागावल्याही. तरी ती पत्रं त्यांनी फाडली नाहीत. जपली, लावून ठेवली, आणि १९७७ साली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. आपलं न ऐकणाऱ्या लेकीचे शब्द सांभाळणं, मला हे आईपण फार मोठं वाटतं.

पुढे रमाबाई स्वतः शेकडो जणींच्या आई झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली-बायका आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ सदन उभं राहिलं. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. मनोरमाबाईंनी अंध बायकांना ब्रेल शिकवलं.

पण ‘मुक्ती’चं वर्णन आश्रयस्थान म्हणून करून थांबलं की रमाबाईंचं निम्मं काम झाकलं जातं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. संस्कृतची ही पंडिता, पण तिने पांडित्य मुद्दाम बाजूला ठेवलं. नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी तिला हवी होती. ‘मुक्ती’तल्या बायकांनीच खिळे जुळवले, पानं छापली. कालपर्यंत अन्नाला महाग असलेली मुलगी शास्त्राची ओळ उलट्या अक्षरांत एकेक खिळा लावून उभी करत होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं.

मातृदिनाला मंडळीतल्या बायकांना व्यासपीठावर बोलावून फूल देतात. द्यावंच. पण रमाबाईंचं भाषांतर किती उपासनांत वाचलं जातं? ज्या बाईने शास्त्र दिलं, तिला फक्त दयाळू म्हणून आठवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीतही हेच होतं. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र सगळे वाचतात, ‘ख्रिस्तायन’ फार थोडे. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या त्यांच्यामागून गेल्या नाहीत. पाच वर्षं थांबल्या, जातीचा प्रश्न स्वतःशी सोडवला आणि मग आपल्या पायांनी आल्या. परक्या मुलांना घर दिलं. १९१९ मध्ये टिळक वारले, ते ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हाती घेतलं, आणि आज ‘ख्रिस्तायन’ उघडलं तर त्यातला फार मोठा भाग त्यांचाच आहे.