मधुमेहाची औषधे आणि रात्रीची झोप

संविधाननिर्मितीच्या काळात बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. पायांतील वेदना थांबत नसत, रात्री झोप लागत नसे आणि इन्सुलिन सुरू होते. उपचारांसाठी ते मुंबईस गेले असता त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. हा इतिहास आपणा सर्वांना परिचित आहे. मात्र मधुमेह, पायांची वेदना, औषध आणि निद्रानाश या गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

मधुमेहामुळे पायांचे मज्जातंतू दुखावले की जळजळ आणि मुंग्या येतात. हा त्रास रात्री अधिक जाणवतो. साखर वाढली की वारंवार लघवीला उठावे लागते. उलट इन्सुलिनमुळे साखर फार खाली गेली, तर दरदरून घाम सुटतो, धडधड होते आणि भीतीदायक स्वप्ने पडतात. बाबासाहेबांच्या काळात मध्यरात्री रक्तात किती साखर आहे हे घरच्या घरी पाहण्याचे साधन नव्हते. लघवीच्या तपासणीवरून अंदाज बांधावा लागे.

झोपेतील मेंदूचे काम नोंदवण्याचे साधन मात्र तोवर निर्माण झाले होते आणि त्याचा जन्म आम्ही राहतो त्या येना शहरातलाच. येथील विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. आज झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला ज्या तारा लावतात, त्या याच शोधाच्या वारस आहेत. याच बर्गर यांनी नाझी राजवटीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचे निर्णय देणाऱ्या न्यायालयाच्या कामात भाग घेतला, हेही विसरता येत नाही. मोजमापाचे साधन कोणाच्या हितासाठी वापरले जाते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. आपण ते आपल्या स्वतःच्या आरोग्यासाठी वापरायला शिकले पाहिजे.

प्रथम जुनी औषधे पाहू. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या यांमुळे रात्री साखर घसरू शकते. सकाळी डोके जड असणे, अंथरूण घामाने ओले होणे, झोपेत बडबडणे ही त्याची लक्षणे असू शकतात. घरचे लोक मात्र त्यांना थकवा समजतात. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते. म्हणून त्या बहुधा सकाळी घेण्यास सांगतात. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि त्यानेही पायांत मुंग्या येतात. शाकाहार पाळणाऱ्यांनी याची तपासणी अवश्य करून घ्यावी. वजन घटवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फेन्टरमाइन या जुन्या गोळीचा तर निद्रानाश हा परिचित दुष्परिणाम आहे.

आता आठवड्यातून एकदा घ्यावयाची नवी इंजेक्शने आली आहेत. सेमाग्लुटाइड हे ओझेम्पिक आणि वेगोव्ही या नावांनी मिळते, तर टिर्झेपटाइड मौंजारो या नावाने. भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये दाखल झाले. या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि भूक मंदावते. मात्रा वाढवण्याच्या आठवड्यांत मळमळ होते. उशिरा जेवून लगेच आडवे झाल्यास आंबट पाणी घशाशी येते आणि झोप मोडते. रात्रीचे जेवण हलके व लवकर घेतल्याने हा त्रास बराच कमी होतो. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर त्यांची मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागते; अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

याच औषधांची दुसरी बाजू आशादायक आहे. आपल्याकडे मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे असे मानतात. प्रत्यक्षात अनेकदा त्याचा घसा मिटत असतो, श्वास थांबतो आणि मेंदू त्याला पुन्हापुन्हा जागे करतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला १५ किंवा अधिक वेळा असे झाले तर विकार मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र मानतात. स्थूलता आणि असा विकार असलेल्या ४६९ जणांवर टिर्झेपटाइडची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५२ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांमध्ये श्वास अडखळण्याचे प्रमाण तासाला सरासरी २५ ते २९ वेळांनी घटले, तर नुसते दिखाऊ औषध घेणाऱ्यांत सुमारे ५ वेळांनी. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने या विकारासाठी त्यास मान्यता दिली. तरीही वजन उतरले म्हणून श्वासाचे यंत्र आपल्या मनाने बंद करू नये. पुन्हा तपासणी करूनच निर्णय घ्यावा.

झोप आणि साखर यांचा संबंध उलट दिशेनेही चालतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोतील एका अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता खालावली. रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि परदेशी वेळेनुसार बैठका घेणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हे ध्यानात घ्यावे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपात स्थूलतेची मर्यादा शरीरभारांक ३० धरतात. भारतीयांसाठी ती २५ सुचवलेली आहे, कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. ‘तुमचे वजन ठीक आहे’ असे उत्तर मिळाले, तर हा फरक डॉक्टरांपुढे नम्रपणे मांडावा. जर्मनीत ही इंजेक्शने मधुमेहासाठी सार्वजनिक विम्यातून मिळतात. केवळ वजन घटवण्यासाठी मात्र खर्च स्वतः करावा लागतो. म्हणून कोणी ती ओळखीतून मागवतात, कोणी दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेतात. अशा वेळी मात्रेवर लक्ष ठेवणारे कोणीच उरत नाही.

औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना दोन आठवडे साधी वही ठेवावी: झोपण्याची व उठण्याची वेळ, रात्री किती वेळा उठलो, घाम, स्वप्ने, जेवणाची वेळ आणि शक्य असेल तर साखर. ही वही डॉक्टरांसमोर ठेवली की औषधाची वेळ किंवा मात्रा बदलणे सोपे होते. गावाकडील आईवडिलांना आपण दूरध्वनीवर ‘साखर किती आली?’ असे विचारतोच. त्यासोबत ‘रात्री झोप लागते का, घाम येतो का?’ हेही विचारावे. या प्रश्नाला पैसे लागत नाहीत आणि त्याच्या उत्तराने एखाद्याचा जीव वाचू शकतो.