भेंडवळचा घट आणि टॅरोचे पत्ते

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. वर्तुळात अठरा धान्ये, मध्यभागी खळगा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि तिच्यावर पुरी, करंजी, पापड, विडा अशी ही रचना असते. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातील जाणते पुरुष कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. पुरी ही पृथ्वी, करंजी ही आर्थिक स्थिती, विडा हा राजा, तर मसूर हा शत्रू मानला जातो. ही प्रथा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली, असे परंपरा सांगते.

चिन्हांची अशीच संकेतबद्ध मांडणी टॅरोच्या पत्त्यांत आढळते. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निव्वळ खेळासाठी निघाले. भविष्यकथनाशी त्यांचा संबंध जुळला तो अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये. अलीकडे ते आत्मपरीक्षणासाठीही वापरले जातात. पत्ता काही जाणतो असे त्यात गृहीत नसते. चित्र पाहून मनुष्य जे बोलू लागतो, त्यालाच महत्त्व असते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना एकच व्यक्तिवर्णन दिले होते. ते स्वतःस कितपत लागू पडते, यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सैल शब्दांत अर्थ भरण्याचे काम ऐकणाराच करतो, हे यावरून दिसते.

भेंडवळला हे काम एकट्याचे नसते. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातून आलेले शेतकरी ते एकत्र करतात, आणि त्यांची निकड खरी असते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने पीक पावसावरच अवलंबून. हवामान खात्याचा एप्रिलमधील अंदाज देशाचा असतो, एका शिवाराचा नव्हे. लॅब्राडोरचे नास्कापी शिकारी तापवलेल्या हाडावरील भेगांवरून दिशा ठरवीत. त्यामुळे त्यांच्या सवयी सावजाला ओळखता येत नसाव्यात, असे ओमर खय्याम मूर यांनी १९५७ साली सुचविले. ही उपपत्ती भेंडवळला मात्र लागू पडत नाही. पाऊस काही शेतकऱ्याची सवय ओळखून हुलकावणी देत नाही.

घटाच्या उपयोगाचे स्थान म्हणून निराळे मानावे लागते. पाऊस, रोगराई, भाव, राज्यकारभार ही एरवी सुटीसुटी छळणारी चिंता एका वर्तुळात नावानिशी समोर येते. मात्र टॅरोत अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य पृच्छकाला असते; येथे तो अर्थ बव्हंशी ठरलेला आणि सांगणाराही ठरलेला. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा आक्षेप नेमका येथेच बिनतोड ठरतो, कारण धान्याच्या हालचालीशी पावसाचा कार्यकारणसंबंध दाखविता येत नाही.

जूनचे ढेकूळ कोरडे निघाले म्हणून एखाद्या घरात दुबार पेरणीच्या बियाण्याचा विचार आधीच झाला, तर भाकीत खोटे ठरूनही काही बिघडत नाही. तेच ढेकूळ ओले निघाले म्हणून, कृषितज्ज्ञ सांगतात तो ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वीच तिफण शेतात गेली आणि पुढे खंड पडला, तर बियाण्याची किंमत त्याच घराला मोजावी लागते.