इग्द्रासिल : नऊ लोकांचा वृक्ष

झाड : नॉर्स पुराणकथांतला विश्ववृक्ष. जात ॲश, सदैव हिरवा. नावाचा रूढ अर्थ ‘इग्गचा घोडा’. इग्ग म्हणजे देवांचा प्रमुख ओडिन. रून अक्षरांच्या ज्ञानासाठी ओडिन नऊ रात्री लटकून राहिला तो याच झाडाला, असं मानतात.

मुळं : तीन. स्नोरी स्टुर्लुसनच्या ‘गद्य एड्डा’नुसार (सुमारे १२२०) एक देवांकडे, दुसरं हिमराक्षसांकडे, तिसरं निफ्लहाइमवर. प्रत्येकाशी एक जलस्रोत.

रहिवासी : शेंड्यावर गरुड. मुळं कुरतडणारा निडहोग नाग. दोघांचे अपशब्द वरखाली पोचवणारी खार, रातातोस्क. चार हरणं पालवी खातात, खोड एका अंगाने कुजतं. उर्द, वेर्दांडी, स्कुल्ड या नियतीच्या देवता रोज मुळाशेजारच्या विहिरीचं पाणी आणि चिखल शिंपडून झाड जगवतात.

नऊ लोक : आकडा जुन्या काव्यांत आहे, सलग यादी मात्र त्यांत कुठेच नाही. प्रचलित यादी नंतर जुळवलेली : आस्गार्ड, वानाहाइम, आल्फहाइम, मिडगार्ड (माणसांचा), योटुनहाइम, स्वार्टाल्फाहाइम, निफ्लहाइम, मुस्पेलहाइम, हेल.

फरक : वालहाल्ला हा वेगळा लोक नव्हे, आस्गार्डमधला ओडिनचा महाल. हेल हे मृतांच्या जगाचंही नाव, तिथल्या राणीचंही.