कॉपीराइट उठवला तर बुडणार कोण?

अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या धंद्याची उलाढाल १९९९ साली १४.६ अब्ज डॉलर होती. २०१४ साली ती ६.७ अब्जांवर आली. महागाई धरली तर घसरण याहून मोठी. १९९९च्या जूनमध्ये नॅपस्टर ही इंटरनेटवरून गाणी एकमेकांना देण्याची सेवा सुरू झाली आणि गाणी फुकट मिळू लागली. कायदा कागदावर शाबूत होता, पण श्रोत्यांपुरता तो उठल्यातच जमा होता.

तरीही गाणी थांबली नाहीत. अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांच्या अभ्यासात नव्या संगीताचा दर्जा घसरल्याचा पुरावा सापडला नाही. कॉपीराइटचे विरोधक हा दाखला देतात आणि इथेच थांबतात. मला ते अर्धवट वाटतं. त्याच वर्षांत घरच्या संगणकावर गाणं मुद्रित करता येऊ लागलं आणि निर्मितीचा खर्च कोसळला. शेकडो माणसं महिनोन्महिने राबवणाऱ्या सिनेमाचं तसं झालेलं नाही.

दुसरा दाखला इटलीतला. लोम्बार्डी आणि व्हेनेशियात १८०१ साली फ्रेंच वळणाचा कॉपीराइट आला, शेजारच्या राज्यांत आला नाही. मिकेला जॉर्चेली आणि पेट्रा मोझर यांनी दोन्हींकडचे ऑपेरा मोजले. कायदा आलेल्या भागात नव्या ऑपेरांचं प्रमाण दुपटीहून अधिक झालं आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या रचनाही वाढल्या. पूर्वी संगीतकाराला बहुधा एकदाच बिदागी मिळे. हक्क आल्यावर पुढच्या प्रयोगांचेही पैसे मिळू लागले. टिकाऊ काम करणं परवडू लागलं. मात्र पुढे हक्काची मुदत वाढवत नेल्याचा असा फायदा या दोन अभ्यासकांना स्पष्टपणे दिसला नाही. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो.

मराठी पुस्तकाचा हिशेब करू. किंमत ३०० रुपये, हजाराची आवृत्ती, मानधन दहा टक्के: सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये. कॉपीराइट उठवला तर पुस्तक खपतंय असं दिसताच दुसरा कुणीही ते छापेल आणि ही रक्कमही जाईल. आधीच तुटपुंज्या मिळकतीवर लिहिणाऱ्या जिवंत माणसाचं नुकसान आपण ‘ज्ञान मुक्त करा’ म्हणत झाकू नये.

मृत्यूनंतरच्या मुदतीची गोष्ट वेगळी. भारतात ती ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क १९९१अखेर संपत होते, तेव्हा १९९२च्या दुरुस्तीने ती सर्वांसाठीच ६० केली. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची ‘श्यामची आई’ २०११पासून कुणालाही छापता येते. जुन्या मुदतीत ती दहा वर्षं आधी खुली झाली असती. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारालाही ५० वर्षंच पुरतात. ही वाढीव दहा वर्षं संसदेने मागे घ्यावीत. मग १९७७ साली गेलेल्या ग. दि. माडगूळकरांचे शब्द २०३८ ऐवजी २०२८च्या पहिल्या दिवसापासून सर्वांचे होतील.