पेटीवरचा मोठा आकडा

माझा भाचा ॲनिमेशन शिकतो. चिखलीला बहिणीच्या घरी त्याचा संगणक आहे, तिने शिवणकामाच्या पैशांतून घेऊन दिलेला. मागच्या उन्हाळ्यात त्याने त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलं. जड काम सुरू केलं की संगणक फटकन बंद पडायचा. आठवडाभराने जळका वास आला आणि मदरबोर्ड गेला. "मामू, पॉवर सप्लायवर तर ४५० वॉट लिहिलं होतं!" तो रडवेला होऊन म्हणाला. मी कवितेचा माणूस. पण त्या दिवशी ती पेटी उलटी करून बारीक अक्षरांतलं लेबल वाचलं. ते कुणालाही वाचता येईल, म्हणून आज सांगतोय.

मंडळी, आधी गरज तपासा. मराठी टायपिंग, ऑनलाइन अर्ज, सिनेमा एवढंच काम असेल तर वेगळं कार्ड लागत नाही. बहुतेक प्रोसेसरमध्ये तेवढी सोय असते. मोठे गेम, व्हिडिओचं संपादन, ॲनिमेशन यांसाठी मात्र ते उपयोगी पडतं.

आता कार्डाची भूक. मदरबोर्डच्या ज्या खाचेत ते बसतं, ती जास्तीत जास्त ७५ वॉट देते. २०१९ साली आलेलं जीटीएक्स १६५० साधारण तेवढ्यात भागवतं. भाच्याकडचं आरटीएक्स ३०६०, २०२१ सालचं, १७० वॉट मागतं. वरची वीज वेगळ्या वायरने थेट पॉवर सप्लायमधून यावी लागते. त्याच्या सप्लायला ती वायरच नव्हती. जोडतुकडा लावून काम भागवलं होतं. धोक्याची पहिली खूण हीच.

पॉवर सप्लाय घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणतो. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. म्हणून लेबलावर १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथल्या अँपिअरला १२ने गुणा. भाच्याच्या पेटीवर १८ अँपिअर होते, म्हणजे २१६ वॉट. कार्डाचे १७० आणि प्रोसेसरचे ६५ मिळून २३५ होतात. पंखे, डिस्क वेगळेच. मोठा आकडा दिसायला होता, कामाचा नव्हता.

या कार्डासाठी कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते, कारण कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतं. '८० प्लस' ही खूण २००४पासूनची. किती वीज उष्णतेत वाया जाते, हे ती सांगते. सुरक्षिततेची हमी ती देत नाही. जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, हे वेगळं विचारा.

आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येऊ शकतात. असं झालं तर संगणक बंद ठेवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. यूपीएसचंही तसंच: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो.

थोडक्यात, पैसे मोजके असतील तर आधी चांगला सप्लाय घ्या, उरलेल्यात बसेल ते कार्ड घ्या. भाच्याचं कार्ड नशिबाने वाचलं. मदरबोर्डासाठी बहिणीला आणखी दोन महिने मशीन चालवावं लागलं. आता तो दुकानात गेला की किंमत विचारण्याआधी पेटी उलटी करून बघतो.